दर्यावरील सीमा आणि विद्यापीठांतील विद्या

विद्यापीठांत शिकविल्या जाणाऱ्या कित्येक विषयांचें आरोग्य पारखणें सोपें असतें. वैद्यकाची विद्या निकोप आहे कीं नाहीं हें रुग्णालयांत कळतें. स्थापत्याची विद्या पुलावर कळते. शेतकीची शेतांत कळते. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या विद्येचें मात्र तसें नाहीं. राजधान्या, परिषदा, तहनामे, राजदूतांचे खलिते हा तिचा प्रांत. तिचा रुग्ण कोण, तिचा पूल कोणता आणि तिचें शेत कोठें, हें चटकन् सांगतां येत नाहीं. त्यामुळें तिच्याविषयीं बोलणारे दोन टोकांस जातात. एक पक्ष म्हणतो, ही राष्ट्राच्या भवितव्याची विद्या होय. दुसरा म्हणतो, ही वर्तमानपत्र वाचून करावयाची चर्चा होय, तिला पदवी कशाला? या दोन्ही मतांची शहानिशा करावयाची, तर ती एखाद्या लहानशा जागीं उभें राहून करणें श्रेयस्कर. कारण जी विद्या जगाचा विचार करतें म्हणते, तिला एखाद्या गांवाच्या किनाऱ्यावर कांहीं सांगतां येतें कीं नाहीं, हीच तिची खरी कसोटी आहे.

असा एक किनारा मुंबईच्या उपनगरांत, वांद्र्याच्या उत्तरेस आहे. त्याचें नांव खारदांडा. दांडा हा शब्द कोंकणच्या किनाऱ्यावरील अनेक स्थळनामांत भेटतो. येथें कोळ्यांची जुनी वस्ती आहे. एका अंगास उंच इमारती उठल्या, हमरस्ते झाले, भोंवतालचें उपनगर श्रीमंत झालें. तरी होड्या, जाळीं, बांबूच्या मांडवांवर वाळणारे बोंबील आणि नारळी पौर्णिमेचा दर्या हें येथील जीवनाचें सूत्र तुटलें नाहीं. या वस्तीचा आणि आंतरराष्ट्रीय राजकारणाचा संबंध काय, असें कोणी विचारील. पण श्रोतेहो, या एका किनाऱ्याचा इतिहास नीट लावला, तर त्या विद्येचें निम्में पाठ्यपुस्तक त्यांतून तयार होईल.

प्रथम मालकीचाच प्रश्न घ्यावा. दांडा हा साष्टी बेटाचा भाग. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्यावर मोगलांचें दडपण आलें, तेव्हां १५३४ सालीं त्यानें वसईच्या तहान्वयें वसई आणि तिच्या अंमलाखालील बेटें पोर्तुगीजांस दिलीं. पुढें १६६१ सालीं पोर्तुगालची राजकन्या आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या विवाहाचा करार होऊन मुंबई इंग्रजांस आंदण मिळाली. या आंदणांत काय काय आलें याविषयीं दोन्ही पक्षांत वाद झाला, आणि साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३७ ते १७३९ या काळांत चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत ती मराठ्यांकडे आली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेतलें, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टीवरील त्यांचा ताबा कायम झाला. म्हणजे, ज्या माहीमच्या खाडीवरून आज उपनगरांतील माणसें रोज कचेरीस जातात, ती खाडी इंग्रजांनीं मुंबईचा ताबा घेतल्यापासून, १६६५ ते १७७४ पर्यंत, शंभरावर वर्षें दोन निरनिराळ्या सत्तांमधील सरहद्द होती. एक तह वसईस झाला, एक विवाह युरोपांत ठरला, एक तह ग्वाल्हेरजवळच्या सालबाईस झाला. आणि प्रत्येक वेळीं दांड्याच्या कोळ्याचा राजा कोण हें ठरलें. त्यास कोणीं विचारलें नाहीं, हें सांगावयास नकोच.

या विषयाची जाण परक्या लोकांनीं आपणांस दिली, हा समजही बरोबर नाहीं. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं जें आज्ञापत्र सिद्ध केलें, त्यांत टोपीकरांचा विचार स्वतंत्रपणें केलेला आहे. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्यामागें यांचे राजे आहेत, यांस भूमीचा लोभ आहे, म्हणून यांस किनाऱ्यावर पक्कें ठाणें देऊं नये, असा त्याचा आशय आहे. आरमार हें राज्याचें स्वतंत्र अंग होय, हेंही तेथें सांगितलें आहे. व्यापार आणि सत्ता यांचा संबंध, परकीय कंपनी आणि तिच्यामागील राज्य यांतील नातें, सागरी सामर्थ्य, हेच आजच्या आंतरराष्ट्रीय विद्येचे मुख्य विषय आहेत. त्याहून प्राचीन परंपरेचें उदाहरण हवें असेल, तर कौटिलीय अर्थशास्त्राचें आहे. त्याची चिकित्सक आवृत्ति, भाषांतर आणि अभ्यास असें तीन भागांचें कार्य एल्फिन्स्टन कॉलेजांतील संस्कृतचे अध्यापक रा. पं. कंगले यांनीं केलें, आणि १९६० ते १९६५ या काळांत मुंबई विद्यापीठानेंच तें प्रसिद्ध केलें. जगभर मंडलसिद्धान्ताची चर्चा करणारे लोक हीच आवृत्ति हातीं घेतात. घरची शिदोरी अशी असतांना विद्येच्या दारिद्र्याची तक्रार करावी लागावी, हें ‘काखेंत कळसा आणि गांवाला वळसा’ या म्हणीचेंच उदाहरण होय.

आतां विद्यापीठांतील विषय म्हणून या विद्येची जन्मकथा पाहूं. पहिल्या महायुद्धांत एक पिढी कापली गेली. युद्धें कां होतात याचा शास्त्रशुद्ध विचार व्हावा, या हेतूनें १९१९ सालीं वेल्समधील ॲबरिस्टविथ येथें या विषयाचें पहिलें अध्यासन स्थापन झालें. म्हणजे ही विद्या कुतूहलांतून जन्मली नाहीं, शोकांतून जन्मली. भारतांत तिचा जन्म स्वातंत्र्याच्या आकांक्षेंतून झाला. १९४३ सालीं दिल्लींत भारतीय विश्वकार्य परिषद स्थापन झाली. सर तेजबहादूर सप्रू तिचे पहिले अध्यक्ष होते. १९४७ च्या वसंतांत आशियाई राष्ट्रांची परिषद तिनेंच भरविली. तिच्याच आश्रयानें १९५५ सालीं आंतरराष्ट्रीय अध्ययनाचें पहिलें विद्यालय निघालें. डॉ. ए. अप्पादोराय त्याचे संचालक होते. १९६१ सालीं त्यास विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि १९७० सालीं तें नव्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत विलीन झालें.

या कथेंत महाराष्ट्राचा धागा आहे, तो सहसा सांगितला जात नाहीं. परिषदेच्या आणि विद्यालयाच्या उभारणींत ज्यांचा मोठा वांटा होता, ते पंडित हृदयनाथ कुंझरू १९३६ पासून भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते. आणि तो समाज गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं १९०५ सालीं पुण्यांत स्थापिला. स्वतः गोखले १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेस जाऊन तेथील हिंदी लोकांची दुःस्थिति पाहून आले होते. समुद्रापलीकडील माणसाचा प्रश्न अभ्यासानें सोडवावयाचा असतो, नुसत्या घोषणांनीं नव्हे, ही दीक्षा पुण्याच्या त्या संस्थेनें दिली. मुंबई विद्यापीठांत नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग १९४८ सालीं सुरू झाला, आणि १९७१ सालीं तेथें आफ्रिकेच्या अध्ययनाचें केंद्रही निघालें. पश्चिम किनाऱ्यावरील विद्यापीठानें पूर्व आफ्रिकेकडे पाहावें, हें स्वाभाविकच होतें. कारण शतकानुशतकें मोसमी वाऱ्यांनीं या दोन किनाऱ्यांमध्यें गलबतें नेलीं-आणलीं आहेत.

मग या विद्येची प्रकृति आज कशी आहे? वरवर पाहतां अंगावर मांस चढलें आहे. सोनिपत, पुणें इत्यादि ठिकाणच्या खासगी विद्यापीठांतून या नांवाच्या स्वतंत्र पदव्या निघाल्या आहेत. केंद्रीय लोकसेवा परीक्षेंत सामान्य अध्ययनाच्या पत्रिकेंत हा विषय आहे, त्यामुळें तो वाचणाऱ्यांची संख्या लहान नाहीं. मुंबईंत २००९ सालीं गेटवे हाउस नांवाची, परराष्ट्रविषयक विचार करणारी संस्थाही निघाली. युद्ध पेटलें कीं पडद्यावर तज्ज्ञांची रीघ लागते. परंतु वैद्य केवळ वजन पाहून प्रकृति सांगत नाहीं. नाडी, दृष्टि, श्रवण, पचन आणि वाणी अशा पांच गोष्टी पाहतो. याच पांच लक्षणांनीं या विद्येची परीक्षा करावी, आणि प्रत्येक वेळीं दांड्याचा किनारा नजरेपुढें ठेवावा.

पहिलें लक्षण नाडी, म्हणजे मूळ कागदांशीं संबंध. अरबी समुद्रांत भारत आणि पाकिस्तान यांची सागरी सीमा अद्याप ठरलेली नाहीं. कारण जमिनीवरील सीमेचा अखेरचा तुकडा जो सर क्रीक, म्हणजे कच्छच्या रणालगतची शहाण्णव किलोमीटर लांबीची खाडी, तिचाच निवाडा झालेला नाहीं. जमिनीवरील टोंक ठरल्यावांचून समुद्रांत रेघ कोठून ओढावयाची? या वादाचें मूळ १९१४ सालच्या एका ठरावांत आहे, आणि तो ठराव मुंबई सरकारचा आहे. सिंध त्या वेळीं, आणि पुढें १९३६ पर्यंत, मुंबई इलाख्यांत होता. कच्छचे राव आणि सिंधचे अधिकारी यांच्यांतील तंटा मुंबई सरकारनें मिटविला. ठरावासोबतच्या नकाशांत रेघ खाडीच्या पूर्व कांठानें दाखविली आहे, असें पाकिस्तान म्हणतें; ठरावांतच नाव्य प्रवाहाच्या मध्याचें तत्त्व सांगितलें आहे, असें भारत म्हणतो. १९६८ चा कच्छचा लवाद झाला, पण या खाडीचा प्रश्न त्यानें हाताळला नाहीं. २००७ सालीं दोन्ही देशांनीं संयुक्त पाहणीही केली. निकाल लागला नाहीं.

ज्या सरकारनें तो ठराव केला त्याचें दप्तर मुंबईंतील राज्य अभिलेखागारांत, म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींत आहे. विद्यापीठाच्या फोर्टांतील मनोऱ्यापासून तें कांहीं मिनिटांच्या वाटेवर. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या विद्यार्थ्यास या दप्तरांत महिनाभर बसविणें हा त्याच्या शिक्षणाचा पहिला पाठ असावयास हवा होता. वास्तविक बहुतेक ठिकाणीं त्याचें शिक्षण दुसऱ्यांनीं लिहिलेल्या ग्रंथांच्या टिपणांवर चालतें. मार्गदर्शिकेंतील दहा ओळींनीं परीक्षा उत्तीर्ण होतां येतें. पण त्या दहा ओळींवर उद्यां वाटाघाटीच्या मेजाशीं बसतां येत नाहीं. नाडी मंद आहे, असेंच म्हटलें पाहिजे.

दुसरें लक्षण दृष्टि, म्हणजे नियमामागील माणूस दिसणें. ज्या सीमेची रेघ ठरली नाहीं, त्या सीमेच्या उल्लंघनाबद्दल माणसें पकडलीं जातात. यांत मुख्यतः गुजरात व दीव येथील, आणि महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यांतीलही मच्छीमार असतात. पलीकडून कराची-सिंधकडील मच्छीमार भारताच्या ताब्यांत येतात. दांड्याच्या लहान होड्या किनाऱ्याजवळच जाळीं टाकतात, त्यांचा तो मार्ग नव्हे; पण धंदा एक आणि दर्या एकच आहे. २००८ च्या करारान्वयें दोन्ही देश दरवर्षीं १ जानेवारी व १ जुलै या दिवशीं परस्परांच्या ताब्यांतील कैद्यांच्या याद्या देतात. १ जानेवारी २०२५ च्या याद्यांनुसार पाकिस्तानच्या ताब्यांत भारताचे, किंवा भारताचे मानले गेलेले, २१७ मच्छीमार होते, आणि भारताच्या ताब्यांत पाकिस्तानचे ८१. शिक्षा संपून राष्ट्रीयत्वाची खात्री पटल्यावर एका महिन्याच्या आंत परत पाठवावें, असें त्याच करारांत लिहिलें आहे.

सागरी कायद्याचा जो जागतिक करार १९८२ सालीं झाला, तो भारतानें १९९५ सालीं आणि पाकिस्तानानें १९९७ सालीं मान्य केला. त्याचें त्र्याहत्तरावें कलम असें आहे कीं, अनन्य आर्थिक क्षेत्रांत मासेमारीचा नियम मोडल्याबद्दल, संबंधित राष्ट्रांत वेगळा करार नसेल तर, कैदेची शिक्षा देतां येणार नाहीं. आणि होडी व माणसें वाजवी जामिनावर त्वरित सोडावीं. हें क्षेत्र किनाऱ्यापासून दोनशें सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारें ३७० किलोमीटरपर्यंत पसरतें. पहिल्या बारा सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्रांत निराळा न्याय आहे. मग पकडलेली होडी नेमकी कोणत्या पाण्यांत होती, आणि तिच्यावरील माणसांवर मासेमारीचा आरोप ठेवला कीं परकीय नागरिकांच्या प्रवेशाचा, यावर एका कुटुंबाची कित्येक वर्षें अवलंबून असतात. होडी गेली म्हणजे घरचें भांडवल गेलें. कर्ता पुरुष गेला म्हणजे कर्ज राहिलें. या प्रश्नावर कायदा जाणणारा, भूगोल जाणणारा आणि उभय देशांचें राजकारण जाणणारा असा अभ्यासक कोठें तयार व्हावयाचा, तर याच विद्येच्या वर्गांत. परंतु तेथें महासत्तांच्या तोलाची चर्चा सविस्तर होते, आणि त्र्याहत्तरावें कलम विधिविद्यालयाकडे सोंपविलेलें असतें. दृष्टि दूरची चांगली आहे. जवळचें दिसत नाहीं.

तिसरें लक्षण श्रवण, म्हणजे दुसऱ्याची भाषा ऐकूं येणें. एखाद्या देशाचा अभ्यास त्याच्या भाषेवांचून करणें म्हणजे दुभाष्याच्या मुखानें शेजाऱ्याशीं संसाराच्या गोष्टी करण्यासारखें आहे. दिल्लीचें पहिलें विद्यालय निघालें तेव्हां प्रदेशवार अध्ययन हाच त्याचा पाया होता, आणि त्या त्या प्रदेशाची भाषा हा त्या पायाचा दगड. मुंबईस याबाबत दैवानें कमी दिलेलें नाहीं. विद्यापीठांत फारसी, अरबी, रशियन, जर्मन, फ्रेंच या भाषांचे विभाग आहेत. उर्दू तर शहरांत बोलली जातेच. सिंधी भाषा शिकण्यास सिंधांत जावयास नको. फाळणीनंतर वसलेलें उल्हासनगर आगगाडीच्या वाटेवर आहे. असें असूनही भाषेचा विभाग एका बाजूस आणि राजकारणाचा विभाग दुसऱ्या बाजूस, अशी शेजाऱ्यांची फारकत सर्वत्र आढळते. कराचीचें वृत्तपत्र मुळांतून वाचून तेथील मच्छीमारांच्या संघटना काय म्हणतात हें सांगणारा पदवीधर विरळा. कान आहेत, पण ते वापरण्याची संवय लागलेली नाहीं.

चौथें लक्षण पचन, म्हणजे निरनिराळ्या विद्यांतून आलेलें अन्न एकजीव करण्याची शक्ति. येथें दांड्याच्या बोंबलाचें उदाहरण अत्यंत बोधप्रद आहे. १९९७ सालीं युरोपीय आयोगाच्या नियमांमुळें बोंबील इंग्लंडांत जाण्याचें बंद झालें. बोंबील दूषित ठरले म्हणून नव्हे. केवळ मान्यताप्राप्त गोठण-कारखान्यांतून किंवा डबाबंद कारखान्यांतून आलेलाच मासा घ्यावा असा नियम होता, आणि बोंबील तर उघड्या किनाऱ्यावर, उन्हांत आणि वाऱ्यांत वाळतात. पुढें इंग्लंडांतील खवय्यांनीं चळवळ केली, भारतीय उच्चायुक्तालयानें शब्द टाकला, आणि वाळवण उघड्यावर झालें तरी बांधणी मान्यताप्राप्त ठिकाणीं व्हावी अशी तडजोड निघाली. ब्रसेल्समधील एका नियमाच्या दोन ओळी, आणि त्याचा परिणाम बांबूच्या मांडवावर! हा प्रश्न राजकारणाचा कीं अर्थकारणाचा, कायद्याचा कीं आरोग्यशास्त्राचा? तो सर्वांचा आहे, म्हणूनच तो आंतरराष्ट्रीय विद्येचा आहे.

असेंच दुसरें उदाहरण. कोळंबीच्या जाळ्यांत कासवें सांपडूं नयेत म्हणून अमेरिकेनें आयातीवर बंधन घातलें, तेव्हां जागतिक व्यापार संघटनेपुढें दाद मागणाऱ्या चार देशांत भारत, मलेशिया आणि थायलंड यांच्याबरोबर पाकिस्तानही होता. १९९८ सालीं त्याचा अंतिम निवाडा झाला. ज्या दोन देशांचे मच्छीमार परस्परांच्या तुरुंगांत बसतात, तेच दोन देश मच्छीमारांच्याच प्रश्नावर एका बांकावर बसले. शत्रुत्व आणि हितसंबंध यांचें नातें किती गुंतागुंतीचें असतें, हें शिकविण्यास याहून चांगला पाठ कोणता? आणखी पुढें, २०२२ च्या जून महिन्यांत जिनीव्हा येथें मासेमारीच्या अनुदानांविषयीं करार झाला, आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजीं तो अंमलांत आला. बेकायदा मासेमारीस आणि अतिरेकी उपशामुळें क्षीण झालेल्या माशांच्या शिकारीस अनुदान नसावें, असें तो म्हणतो. महाराष्ट्रांत मच्छीमारांस डिझेलवरील कराचा परतावा मिळत आला आहे. जिनीव्हाची भाषा आणि डिझेलची पावती यांचा सांधा जुळवून सांगणारा अध्यापक हवा. परंतु विद्यापीठांतील विभाग परस्परांपासून इतके अलग आहेत कीं, मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी करार वाचीत नाहीं आणि करार वाचणारा विद्यार्थी मासा ओळखीत नाहीं.

पांचवें लक्षण वाणी. ही विद्या बोलते कोणत्या भाषेंत आणि कोणाशीं? मराठी वाचकास जगाची गोडी नाहीं, असें म्हणण्याची सोय नाहीं. वि. ग. कानिटकर यांचा ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ घरोघर वाचला गेला. गोविंद तळवलकर यांनीं सोव्हिएत साम्राज्याच्या उदयास्तावर मराठींत ग्रंथ लिहिला. भाषा संचालनालयानें परिभाषेचे कोश सिद्ध केले. डॉ. श्रीकांत परांजपे यांच्यासारख्या अध्यापकांनीं मराठींत पाठ्यग्रंथही दिले. परंतु हे वैयक्तिक प्रयत्न होत. विद्यापीठीय संशोधनाची प्रतिष्ठा अद्याप परभाषेंतील नियतकालिकांवरच अवलंबून असते, आणि तीं नियतकालिकें ज्या प्रश्नांस प्रश्न मानतात तेच येथेंही प्रश्न ठरतात. ओडिशांत जन्मलेले अमिताव आचार्य आणि त्यांचे इंग्रज सहकारी बॅरी बुझान यांनीं २००७ सालीं उघड प्रश्न विचारला कीं, पाश्चात्त्य जगाबाहेर या विद्येचा स्वतःचा सिद्धान्त कां नाहीं? त्याचें एक उत्तर असें कीं, आपल्या अनुभवास आपण आपल्या भाषेंत सिद्धान्ताचें रूप देत नाहीं. आज्ञापत्राचा अभ्यास इतिहासाच्या वर्गांत होतो, मराठीच्या वर्गांत होतो. आंतरराष्ट्रीय विद्येच्या वर्गांत क्वचितच.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारार्ह आहे. ही विद्या प्रत्येक गांवच्या गाऱ्हाण्यांत गुंतली, तर तिची व्यापकता जाईल. शास्त्रानें सामान्य नियम शोधावे, मासेमारीचे तंटे सोडवीत बसूं नये. यांत तथ्य इतकेंच कीं, शास्त्र म्हणजे तक्रारअर्ज नव्हे. परंतु सामान्य नियम हा विशेष उदाहरणांतूनच वर येतो. माहीमची खाडी एके काळीं सरहद्द होती आणि आज नाहीं, सर क्रीक एके काळीं एकाच इलाख्याच्या पोटांत होती आणि आज सरहद्द आहे, या दोन गोष्टी शेजारीं ठेवल्या कीं सीमा म्हणजे काय, ती कशी जन्मते आणि कशी मरते, हा सामान्य प्रश्न आपोआप उभा राहतो. उदाहरणावांचून सिद्धान्त शिकविला तर तो पाठांतर होतो. सिद्धान्तावांचून उदाहरण सांगितलें तर ती बातमी होते. दोहोंचा मेळ घालणें हेंच विद्यापीठाचें काम.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. परराष्ट्रधोरण दिल्लींत ठरतें. मुंबईच्या विद्यार्थ्यानें तें शिकून करावयाचें काय? या प्रश्नास २००८ च्या २६ नोव्हेंबरनें उत्तर दिलें आहे. त्या रात्रीं दहा दहशतवादी कराचीहून समुद्रमार्गें आले. वाटेंत त्यांनीं ‘कुबेर’ ही भारतीय मासेमारी नौका काबीज केली, तिच्यावरील लोकांचे प्राण घेतले, आणि कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीपाशीं ते उतरले. त्यानंतर किनाऱ्यावरील मच्छीमारांस ओळखपत्रें देण्यांत आलीं, होड्यांच्या नोंदी कडक झाल्या, आणि समुद्रावर नजर ठेवण्याचें कर्तव्य कोळ्यांसही सांगण्यांत आलें. शिवाय घटनेची व्यवस्थाच अशी आहे कीं, बारा सागरी मैलांच्या आंतील मासेमारी राज्याच्या अखत्यारींत आणि त्यापुढची केंद्राच्या. एकाच होडीच्या एका फेरींत दोन सरकारें आणि एक जागतिक करार येतात. तेव्हां हा विषय दिल्लीचा, हें म्हणणें म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्याची मुभा देणें होय.

सारांश, रोग असाध्य नाहीं. प्राण आहे, परंपरा आहे, विद्यार्थी आहेत. उणीव आहे ती पथ्याची. उपायही खर्चिक नाहींत. पदव्युत्तर विद्यार्थ्यानें एक निबंध तरी मूळ दप्तरावरून लिहावा. शेजारच्या एका देशाची भाषा वाचण्यापुरती तरी त्यास यावी. सागरी कायदा, मत्स्यव्यवसाय आणि व्यापार या विषयांच्या अध्यापकांनीं मिळून एक अभ्यासपत्रिका शिकवावी, आणि तिच्यासाठीं मच्छीमार सहकारी संस्थांच्या जाणत्यांस वर्गांत सन्मानानें बोलवावें. कारण वाऱ्याचें, भरतीचें आणि पाण्यांतील खुणांचें त्यांचें ज्ञान कोणत्याही नकाशांत नसतें. वर्षांतून एक तरी संशोधन मराठींत प्रसिद्ध व्हावें, आणि त्याचें मोल परभाषेंतील लेखाइतकेंच धरलें जावें. १ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळीं दुरुस्त होत असतात. त्याच सुमारास विद्यापीठाचें नवें वर्षही सुरू होतें. कोळ्यांना आणि विद्यार्थ्यांना एकमेकांशीं बोलावयास याहून सोयीचा काळ कोणता?

सुशिक्षित कुटुंबांचेंही यांत कांहीं कर्तव्य आहे. मुलानें हा विषय घ्यावयाचें म्हटलें कीं, याचा उपयोग काय, असें घरांत विचारलें जातें. उपयोगाचा प्रश्न गैर नाहीं. पण त्याचें उत्तर नोकरीच्या आंकड्यांतच शोधूं नये. ज्या देशाला हजारों किलोमीटरांचा समुद्रकिनारा आहे, ज्याच्या शेजाऱ्याशीं सीमा ठरावयाच्या राहिल्या आहेत, आणि ज्याच्या मच्छीमारांचा निवाडा परक्या न्यायालयांत होतो, त्या देशांत करार वाचणारीं, नकाशा समजणारीं आणि शेजाऱ्याचें म्हणणें ऐकणारीं माणसें मोजकींच असावींत, हें धोक्याचें आहे. १५३४, १६६१ आणि १७८२ या सालीं दांड्याच्या किनाऱ्याचा निकाल त्याला न विचारतां लागला, कारण विचारण्याची रीतच नव्हती. आज रीत आहे, कायदा आहे, न्यायपीठें आहेत. त्यांच्यापुढें या किनाऱ्याची बाजू मांडणारा माणूस तयार करणें एवढेंच आतां उरलें आहे, आणि तें काम विद्यापीठांचें आहे.